आधी वजाबाकी कर

येत्या सप्टेंबरात तुझ्या लेकीला तीन वर्षं पूर्ण होतील. 31 डिसेंबरपर्यंत तीन पूर्ण होत असतील तर नर्सरी, असा आपल्या राज्याचा नियम आहे. म्हणजे या जूनला नर्सरी, पुढच्या जूनला ज्युनियर केजी, मग सीनियर, आणि त्याच्या पुढच्या जूनला पहिली. आता सांग, बाणेरच्या पुढे ज्या इमारतीत ‘अगदी नर्सरीच्या दारात’ म्हणून तू फ्लॅट बुक करायला निघालायस, तिचा ताबा कधी मिळणार? तीन वर्षांनी. तीनातून तीन गेले, राहिले किती?

बोटं मोजू नकोस. शून्य. हातचा घ्यायचाही प्रश्न नव्हता.

चौथीत तू हेच करायचास. गणित पुरतं वाचायचं नाही, दोन आकडे दिसले की बेरीज करून मोकळा. मी वहीवर लाल शाईने ‘आधी प्रश्न वाच’ असं लिहायची आणि तू ती वही आईपासून लपवायचास. आता वहीच्या जागी करारनामा आहे आणि लाल शाई बँकेची असेल, एवढाच फरक. जागेवर आज काय आहे ते तूच मला मोबाइलवर दाखवलंस. पत्र्याचं कुंपण, कुंपणावर फुगा धरून हसणारं गोबरं मूल, आणि आत पावसाच्या पाण्याने भरलेला खड्डा. त्या खड्ड्यातून इमारत वर येईपर्यंत तुझी लेक नर्सरी, ज्युनियर, सीनियर सगळं उरकून बसलेली असेल. ते सगळं ती आत्ताच्या भाड्याच्या घरातूनच करणार आहे. बिल्डरने रेरा कायद्याच्या कलम 6 खाली वर्षभराची मुदतवाढ मागितली आणि ती त्याला मिळाली, तर वास्तुशांतीला लेक पहिली पास होऊन येईल. याला वरातीमागून घोडं म्हणतात.

आणि तू गं, नवऱ्याला ओरडा बसतोय म्हणून हसू नकोस. घर बघायच्या यादीत पहिल्या ओळीत ‘प्रीस्कूल’ तूच लिहिलंस, दुसऱ्या ओळीत ‘क्लब हाउस’. पाणी कुठून येतं, टँकर किती लागतात, हे यादीत कुठेच नाही. पुण्याच्या पश्चिमेला घर घेताना टँकरचं न विचारणारी बाई मला अजून भेटायची होती.

बरं, हिशेब तुमच्या बाजूने लावू. त्याच रस्त्यावरचा जो तयार फ्लॅट तुम्ही पाहिलात, तो घेतला असं धरू. दोन चौक मागे तेवढ्याच क्षेत्रफळाचं घर आहे, त्याहून हा 15 लाखांनी महाग. का महाग, तर ‘मॅडम, हा स्कूल बेल्ट आहे’ असं ब्रोकर म्हणाला. 15 लाख जादा म्हणजे जादा कर्ज. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी काढलं तर महिन्याला 13,000 रुपयांच्या आसपास जादा हप्ता, आणि फिटेपर्यंत 31 लाखांच्या वर भरणा. त्यावर पुण्यातलं 7 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे आणखी 1 लाख 5 हजार. घर एकट्या हिच्या नावावर घेतलंत तर त्यातला 1 टक्का वाचेल. ब्रोकरने सांगितलेल्यातलं तेवढंच एक बरोबर होतं.

एकूण हप्ते 240. नर्सरी ते सीनियर केजी, तीन वर्षांचे 36. उरलेले 204 हप्ते तुम्ही अशा शाळेशेजारी राहण्यासाठी भरणार, जिच्या दारात तुमची लेक पुन्हा पाऊल टाकणार नाही. 204. पाटीवर लिही आणि समोर भिंतीला लाव. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच, आणि इथे मोती दुसऱ्याचा आहे.

दुसऱ्याचा कसा, तेही ऐका. ती नर्सरी ज्या बंगल्यात भरते तो बंगला तिचा नाही. भाड्याचा आहे, 11 महिन्यांच्या नाहीतर फार तर पाच वर्षांच्या करारावर. मालकाच्या मुलाला अमेरिकेहून परत यावंसं वाटलं, नाहीतर सोसायटीने ‘निवासी भागात धंदा चालणार नाही’ म्हणून तक्रार केली, की मे महिन्यात फलक उतरतो. माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर असा एक बंगला आहे. कंपाउंडच्या भिंतीवर निळा हत्ती, त्याच्या सोंडेवर ए पासून एफ पर्यंत अक्षरं, आणि फाटकावर आता केस कापायच्या दुकानाची पाटी. हत्तीवर कुणी रंग मारलेला नाही. जवळ नर्सरी आहे म्हणून समोरच्या इमारतीत घर घेतलेली दोन कुटुंबं मला ठाऊक आहेत. त्यांची मुलं आता रोज सकाळी रिक्षाने दोन किलोमीटर लांब जातात, आणि आयांना घराजवळ बॉबकटची सोय झाली.

तुम्ही मला ‘बाई, ब्रँड मोठा आहे’ असं सांगता. ब्रँड मोठा असेल. तो चालवणारी बाई फ्रँचायझी घेऊन बसली आहे, तिचं भाडं परवडेनासं झालं की ब्रँड तिला वाचवायला येत नाही. आणखी एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मान्यता लागते ती सहा वर्षांपासून पुढच्या शिक्षणासाठी. नुसती नर्सरी-केजी चालवणाऱ्याला त्या मान्यतेची सक्ती नाही. अशा केंद्रांनी निदान पोर्टलवर नोंदणी तरी करावी, असं आपल्या शिक्षण खात्याने सांगितलं तेसुद्धा 2025 साली. म्हणजे ज्याच्या भरवशावर तुम्ही 20 वर्षांचं कर्ज काढताय, त्याला उद्या कुलूप लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता तू घसा खाकरशील आणि म्हणशील, ‘बाई, पण नर्सरीत घुसलं की दहावीपर्यंत सुटलो.’ हे अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच जास्त घातक. ज्या शाळेला स्वतःची प्राथमिक आणि माध्यमिक आहे, त्याच आवारात, त्याच संस्थेची, तिथे बालवर्गातली मुलं पुढे सरकतात आणि पहिलीत बाहेरच्याला फारशा जागा उरत नाहीत. पुण्या-मुंबईत हे असं आहे, मी नाकारत नाही. अशा शाळेजवळ घर पाहणाऱ्याला मी बोल लावणार नाही, कारण तो तीन वर्षांसाठी नाही, तेरा वर्षांसाठी घर पाहतोय. पण तुमचा निळ्या-पिवळ्या भिंतींचा बंगला सीनियर केजीला संपतो. तिथून पुढे तुम्ही पुन्हा रांगेत, आणि रांग लागते ती शहराच्या दुसऱ्या टोकाला. मोठ्या शाळेचा यू-डायस क्रमांक विचारा, 11 आकडी असतो, मान्यता कुठल्या बोर्डाची ते विचारा, पहिलीच्या किती तुकड्या आणि बालवर्गाच्या किती, ते विचारा. ‘आमचं टाय-अप आहे’ असं कुणी म्हणालं तर लेखी मागा. लेखी मागितल्यावर चेहरा कसा बदलतो ते बघण्यासारखं असतं.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पाच वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. तीन वर्षं बालवर्ग आणि पहिली-दुसरी त्याच टप्प्यात. सरकारने तुमच्यापेक्षा दोन वर्षं पुढचा विचार केला, हे सांगताना मलाही जरा अवघडल्यासारखं होतंय. पहिलीच्या उंबरठ्यावर पोरीला एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावायची, नवी बाई, नवे सवंगडी, नवी व्हॅन, आणि मग ‘हिचं शाळेत मन का लागत नाही’ म्हणून समुपदेशकाकडे न्यायचं. असे पालक मी पुष्कळ पाहिले. समुपदेशकही त्याच स्कूल बेल्टमध्ये बसलेले असतात.

अजून मुख्य गोष्टीला मी हात घातलेलाच नाही. नर्सरी किती वेळ असते? नऊ ते बारा. बारा वाजता फाटकाशी कोण उभं राहणार?

गप्प का?

तू हिंजवडीला, ही खराडीला. तू बारा वाजता मीटिंगमध्ये, ही बारा वाजता मीटिंगमध्ये. तुझे आईवडील धनकवडीला, तिथून बाणेरला यायला दुपारी तास मोडतो, आणि तुझ्या आईचे गुडघे मी पाहिले आहेत. आत्ता तुम्ही भाड्याने राहता ते घर त्यांच्यापासून दहा मिनिटांवर. लेक रोज दुपारी आजीच्या हातचं वरण-भात खाते आणि आजोबांच्या पोटावर झोपते. ते सोडून तुम्ही नर्सरीच्या शेजारी निघालात! तीन तासांच्या सोयीसाठी उरलेल्या सात तासांची गैरसोय विकत घेताय, आणि वर 15 लाख जादा मोजून. याला हिशेब म्हणत असाल तर मी तुला काय शिकवलं, हा प्रश्न मला स्वतःला विचारावा लागेल.

नोकरी करणाऱ्या आईला नर्सरीहून आधी लागतं ते पाळणाघर. चांगलं, स्वच्छ, जिथली मावशी मुलाचा शर्ट ओला झालेला न सांगता बदलते. त्याबद्दल तुम्ही एका शब्दाने विचारलं नाहीत, कारण पाळणाघराचं नाव इंग्रजी पाटीवर झळकत नाही आणि नातेवाइकांत सांगताना ऐटदार वाटत नाही. आणि गं, तुझ्या कंपनीत पन्नासाहून जास्त माणसं असतील ना? हजारांत असतील. 2017 पासून कायद्यात आहे की पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाऊन मूल पाहता यायला हवं. एचआरला कधी विचारलंस? नाही. बिल्डरच्या सेल्स ऑफिसातल्या पोरीला मात्र पाऊण तास प्रश्न विचारलेस, फरशी व्हिट्रिफाइड आहे का म्हणून.

त्या सेल्स ऑफिसबद्दल बोलते, म्हणजे विषय संपेल. सॅम्पल फ्लॅटमधली ‘किड्स रूम’ बघून तुम्ही दोघं विरघळलात. ढगांचं छत, चांदण्यांचे दिवे, छोटुकला पलंग. तो पलंग मोजलात? नमुन्याच्या घरात पलंग मुद्दाम आखूड ठेवतात, खोली मोठी दिसावी म्हणून. कपाटाची दारं काढलेली असतात. पाचवीत गेल्यावर तुमची लेक त्या पलंगावर पाय मुडपून झोपेल. आणि त्या माहितीपत्रकातला नकाशा! महामार्ग धाग्याएवढा, सर्व्हिस रोड नाहीच, नर्सरीचं चिन्ह मात्र टम्म. ‘5 मिनिटं.’ कुणाची पाच मिनिटं? रविवारी सकाळी सहा वाजता मोटारीत बसलेल्या बापाची असतील. तीन वर्षांचं मूल पाच मिनिटांत किती चालतं? वाटेत एक कुत्रं, एक फांदी आणि एक डबकं धरलं, तर फाटकापर्यंतसुद्धा नाही. सोमवारी पावणेनऊला तिथे उभे राहा. पदपथ कुठून सुरू होतो आणि कुठे पार्क केलेल्या मोटारींखाली गडप होतो ते बघा. लेकीचा हात धरून तो रस्ता ओलांडून दाखवा. मग मला मिनिटं सांगा.

या राज्यात बालशिक्षण ज्यांनी उभं केलं त्यांनी मुलाला शाळेच्या दारात आणण्यासाठी घर बदलायला सांगितलं नव्हतं, त्यांनी शाळाच उचलून मुलाच्या दारात नेली. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शिक्षिका पाड्यावर गेल्या, अंगणात झाडाखाली वर्ग भरवला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पुढे 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाड्या देशभर झाल्या. हा इतिहास आमच्या पिढीला पाठ होता. तुमच्या पिढीला फ्रँचायझीची नावं पाठ आहेत.

आणि तुझ्या भाड्याच्या घरामागच्या गल्लीत एक बालवाडी आहे. मी जाऊन पाहिली आहे. पुढे कौलारू पडवी, मागे चिंचेचं झाड, वाळूचा हौद, आणि पन्नाशीची एक बाई, जी मुलांना पाटीवर ‘अ’ गिरवायला लावण्याआधी महिनोन्‌महिने वाळूत रेघोट्या मारायला लावते, मणी ओवायला देते, गोष्टी सांगते. मराठीतून. मुलाच्या बोटांत बळ येण्याआधी त्याच्या हातात पेन्सिल कोंबायची नाही, हे तिला कळतं. तुमच्या त्या बंगल्यात सीनियर केजीला चार पानांचा गृहपाठ असतो आणि तो तुम्ही दोघं रात्री अकराला करत बसणार आहात. ‘पण बाई, तिथे एसी नाही.’ नसू दे! तीन वर्षांच्या मुलाला एसी नको असतो, अंगण हवं असतं. तुला आठवत नसेल, पण तू स्वतः अशाच बालवाडीतून आला होतास, नाकाला शेंबूड आणि डब्यात गुळाची पोळी, आणि आज हिंजवडीत इंग्रजीतून भांडतोस.

तुझ्यासारख्या पालकांनी पाठ फिरवली की अशा बालवाड्या ओस पडतात, मग ती बाई दार लावून घेते, आणि मग तुम्हीच ओरडता की घराजवळ चांगली बालवाडी राहिली नाही. मुलं घेऊन तुम्ही गेलात दुसरीकडे आणि ठपका शहरावर.

घर घेऊ नका, असं मी म्हणत नाही. जरूर घ्या. पण घर घेताना तीन वर्षांच्या मुलीकडे बघून घेऊ नका, तेरा वर्षांच्या मुलीकडे बघा, आणि सत्तर वर्षांच्या तुझ्या आईकडे. दहावीपर्यंतची शाळा बसने किती लांब, ते पाहा. रात्री क्लासहून एकटी परत येताना रस्त्यावर दिवे असतील का, ते पाहा. दवाखाना, बसथांबा, वाणी, पाण्याची जोडणी पाहा. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर ‘शाळेसाठी आरक्षण’ असं ब्रोकर सांगेल, तर विकास आराखड्यात खरंच तसं आहे का ते महापालिकेत जाऊन तपासा, आणि असलं तरी आरक्षित जागेवर शाळा उभी राहीलच असं धरून चालू नका. वर्षानुवर्षं तिथे गवत आणि गाड्या असतात. महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाचा मंजूर नकाशा आहे, तो उघडून बघा. माहितीपत्रकातली नर्सरी त्यात आहे का? नसणार, कारण ती त्याची नाहीच. बिल्डरने जाहिरातीत स्वतःच्या प्रकल्पाबद्दल खोटं सांगितलं तर रेराच्या कलम 12 खाली तुम्हाला दाद मागता येते. शेजारच्या भाड्याच्या बंगल्यातली नर्सरी उठली, तर कुणाकडे दाद मागणार?

टोकन दिलं आहेस की नाही, हे तू सांगायचं टाळलंस. ते मला चेहऱ्यावरून कळलं. दिलं असलंस तर आणखी पैसे देऊ नकोस. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची बिल्डरला कायद्यानेच मुभा नाही, त्यामुळे ‘आज नाही दिलेत तर रेट वाढेल’ या धमकीला भुलू नकोस. टोकन परत मागायचं असेल तर लेखी माग, त्याची पोच घे.

आणि लेकीच्या नर्सरीचा अर्ज या आठवड्यात गल्लीतल्या बालवाडीत भरून टाका. त्या बाई एका वर्गात वीसच मुलं घेतात, आणि जागा मे महिन्यात संपतात.